बरखेड्यातले हवेचे डबे

भोपाळ कसं वाटलं, असं कुणी विचारलं की गेलं वर्षभर मी पोहे-जिलबीचं सांगत आलो. तिथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, मागितले की पानावर घालून वर मूठभर शेव आणि कांदा टाकतात, आणि शेजारी गरम जिलबी, तीही त्याच घासात. सगळं खरं आहे. तलाव मोठा आहे, रस्ते रुंद आहेत, माणसं सावकाश बोलतात, हेही खरं. एवढ्यावर ऐकणाऱ्याचं समाधान होतं आणि माझी सुटका होते. तिथे मी आठ दिवस कशासाठी गेलो होतो आणि काय करून आलो, ते मात्र मी बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं. आता पूर्ण लिहितो. ज्यांना भोपाळ बघायचं आहे त्यांना यात थोडं खाणंपिणं आणि थोडं फिरणं सापडेल. उरलेलं माझ्याबद्दल आहे.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो. कारखान्यांतली, इस्पितळांतली मोजमापाची उपकरणं आमच्याकडे येतात, आम्ही ती प्रमाणित उपकरणाशेजारी ठेवून तपासतो आणि बरोबर की चूक याचा दाखला देतो. अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस वर्षांत मी स्वतः एकही उपकरण बनवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सुभाष देशकर आणि मी नागपूरला तंत्रनिकेतनात एका खोलीत राहायचो. त्याचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला गेलेले, त्यामुळे घरी मराठी आणि बाहेर हिंदी असा त्याचा कारभार. शिक्षण झाल्यावर तो भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागला, मी पुण्याला आलो. पुढची सगळी वर्षं मला त्याची कीव यायची. भोंग्यावर जायचं, भोंग्यावर यायचं, क्वार्टरच्या मागे भेंडी लावायची. मी पुढे गेलो आणि तो तिथेच राहिला, असा माझा हिशेब होता. असा माणूस आयुष्यात असणं फार सोयीचं असतं.

मागच्या वर्षी जानेवारीत त्याचा फोन आला. त्याने हवा तपासणारे डबे बनवून कारखान्याच्या वसाहतीत काही घरांत टांगले होते. साबणाच्या डबीहून थोडा मोठा डबा, आत नाण्याएवढे चार संवेदक. प्रत्येकाला एकेका वायूचा वास कळतो: एकाला गाड्यांच्या आणि जळत्या पाल्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, दुसऱ्याला ओझोन, असं. खाली जाळी, जाळीतून हवा आत घेणारा चिमुकला पंखा, आणि आकडे थेट फोनवर. सरकारचं हेच काम करणारं यंत्र कपाटाएवढं असतं आणि त्याला थंड खोली लागते. वसाहतीचं प्रशासन असे चाळीस डबे बसवून घ्यायला आणि सांभाळायला तयार होतं. अट एकच, बाहेरच्या माणसाने तपासून लिहून द्यायचं.

"म्हणून मी तुझं नाव देऊन टाकलं," सुभाष म्हणाला. "साहेबांना म्हटलं, याच्याइतका खडूस माणूस मी पाहिला नाही. एक आकडा इकडचा तिकडे नाही करणार. तू येऊन जा बे."

घाईचं कारणही त्याने सांगितलं. एप्रिलमध्ये त्याची उत्तरेकडच्या दुसऱ्या कारखान्यात बदली होणार होती. फेब्रुवारीच्या सभेत ठराव झाला तर डबे वसाहतीचे होणार, नाही झाला तर तो गेल्यावर त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

मी अभिनंदन केलं. मग जेवायला बसलो तर आमटीत मीठ नाही हे बायकोने सांगितल्यावर कळलं. मला हेवा वाटला होता. एवढा एक शब्द कागदावर उतरायला मला वर्ष लागलं.

बरखेडा

स्टेशनवर सुभाष स्कूटर घेऊन आला होता. केस पांढरे, बाकी तोच. बॅग पायांत धरून मी मागे बसलो. शहराची गर्दी संपली आणि एका वळणानंतर बरखेडा, कारखान्याच्या वसाहतीचा एक भाग, एकदम झाडंच झाडं. दोन्हीकडे एकसारख्या पिवळ्या क्वार्टरांच्या रांगा, प्रत्येकीपुढे चार हात बाग, कुठे पपई, कुठे पेरू, तारेवर वाळत घातलेल्या निळ्या वर्द्या. पुण्यात एवढ्या जागेत सात मजले उठले असते.

वहिनींनी दारातच विचारलं, "भाऊजी, आधी आंघोळ की आधी पोहे?" उत्तराची वाट न बघता पोहे आणले. घरात दोनच खोल्या आणि एक पडवी, पण सकाळभर माणसं आत-बाहेर करत होती. पुण्यात आमच्याकडे कुणी यायचं तर आधी फोन करतं, आणि फोन आला तरी आम्ही थोडे नाराजच होतो. इथे फाटक वाजायचं आणि त्याच आवाजात माणूस स्वयंपाकघरात पोचलेला असायचा.

आठच्या सुमाराला कुंपणापलीकडच्या बाईंनी हाक मारली. त्यांना मूगवड्या वाळत घालायच्या होत्या. "भैया, आज की हवा कैसी है?"

सुभाषने फोन बघितला. "दस के बाद डालिए भाभी. अभी स्कूल के पीछे कोई पत्ते जला रहा है."

बाईंनी मान डोलावली आणि परात आत नेली. मी बघत राहिलो. मी दिलेल्या दाखल्यांवर आजपर्यंत हजारो शिक्के बसले, पण त्यावरून कुणी परात आत नेली नव्हती, की बाहेर आणली नव्हती.

सुभाषने मला एक गोष्ट आधीच बजावली. लोकांसमोर 'गॅस' म्हणायचं नाही. या शहरात तो शब्द उच्चारला की बोलणं थांबतं, आणि पन्नाशीच्या पुढची माणसं दुसरीकडे बघतात. म्हणून त्याने नाव ठेवलं होतं 'हवेचा डबा'. हे सुचणंसुद्धा मला खुपलं.

शाळेची गच्ची

सरकारी मोठं यंत्र बरखेड्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत होतं. त्याच्या शेजारी कठड्यावर सुभाषचे सहा डबे पाच दिवस बांधून ठेवायचे आणि दोघांचे आकडे ताडून बघायचे, अशी माझी पद्धत. पाच दिवस गच्चीची किल्ली माझ्याकडे. सुभाषने डब्यांना हात लावायचा नाही. नोंदवहीत फक्त मी लिहायचं.

तिथे दाणी काकू भेटल्या. सत्तरीच्या, बारीक, पायात कापडी बूट. याच शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान कारखान्यात होते, ते दम्याने गेले. त्या वसाहतीच्याच दुसऱ्या भागात, पिपलानीला, राहायच्या आणि रोज सकाळी नऊच्या सुमारास बसने यायच्या. डब्यांची सगळी देखरेख त्यांची. कोणत्या घरी डबा टांगायचा, कुणी उन्हात टांगला, कुणी चुलीजवळ, सगळं त्यांना पाठ. सुभाषला त्या "हे असं नाही चालायचं सुभाष" म्हणायच्या आणि तो बावन्न वर्षांचा माणूस "हो काकू" म्हणायचा.

पहिल्या दिवशी आकडे उतरवले आणि आलेख काढला. मोठ्या यंत्राची रेषा आणि डब्यांच्या रेषा एकमेकींवर बसल्या. सकाळी कारखान्याची पाळी बदलते तेव्हा गाड्यांनी वर जाणारी, दुपारी खाली येणारी. दुसऱ्या दिवशीही तसंच. इतक्या लहान संवेदकांकडून मला निम्म्याचीही आशा नव्हती. खरं सांगायचं तर आशा नव्हती यापेक्षा इच्छा नव्हती.

काकूंनी मागून आलेख बघितला आणि विचारलं, "चांगलं आहे ना भाऊ?"

मी म्हटलं, "अजून तीन दिवस आहेत."

चुकलेलं घर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून एकटा चालत आलो. ओळखीचं फाटक उघडलं, पडवीत चपला काढल्या, आत जाऊन खुर्चीत बसलो. समोरच्या पलंगावर एक मिशीवाले गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत हाक दिली, "सुनती हो, एक चाय और." मग पुन्हा वाचू लागले. चहा आला. अर्धा चहा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की भिंतीवरचं कॅलेंडर निराळं आहे.

मी माफी मागितली तर ते म्हणाले की महिन्यातून एखादा तरी असा येतोच, सगळे क्वार्टर एका साच्यातले. तुम्ही निदान चपला तरी काढल्यात. नाव यादव. देशकरांची रांग पुढची. पण उठू देईनात. पडवीत कोपऱ्यात हवेचा डबा टांगला होता, तो दाखवला. बायकोला श्वासाचा त्रास. पूर्वी ती सकाळी फिरायला जायची आणि धापा टाकत परत यायची. आता डब्याचा आकडा बघून निघते. त्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "देशकर भैया तो हमारे लिए डॉक्टर से कम नहीं."

मी चहा संपवला. बाहेर पडल्यावर पुढची रांग लगेच होती, पण मी दोन फेऱ्या जास्त मारल्या. सुभाषचं हसणं, वहिनींनी त्याच्या ताटात न विचारता वाढणं, कुंपणावरच्या हाका, हे सगळं मला एका दिवशी एवढं नको होतं. आपण ज्याला मागे राहिलेला समजत होतो तो मागे नव्हताच, तो फक्त माझ्या नजरेआड होता, हे मला त्या पिवळ्या दिव्यांखाली कळलं. आणि कळल्यावर चांगलं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

रथसप्तमी

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी गच्चीवर गेलो. पारव्यांनी डबे घाण केले होते आणि त्यावर दव बसलं होतं. माझ्या बॅगेत स्पिरिटची लहान बाटली आणि कापूस कायम असतो. उपकरणाला हात लावायच्या आधी ते पुसायचं, ही आमच्याकडची पहिली शिकवण. बोटांवरचं तेल, धूळ, काही राहायला नको. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो. मी सहाही डबे स्पिरिटने पुसले. बाहेरून पुसले, आणि खालची जाळीही पुसली.

पाऊण तासाच्या आत सहाही डब्यांचे कार्बन मोनॉक्साइडचे आकडे चढले. मोठं यंत्र जिथल्या तिथे. मी खाली वाकून बघितलं, पाला जळत नव्हता. मग नाकाजवळ हात नेला आणि बोटांना स्पिरिटचा वास आला.

हे कुठल्याही जाणत्या माणसाला ठाऊक असतं. तो संवेदक स्पिरिटच्या वाफेलाही तसाच फसतो, आणि जाळीतून आत गेलेली वाफ दिवसभर निघत नाही. दुसऱ्या दिवशी उलट आकडे शून्याखाली जातात. दोष डब्यांचा नव्हता. प्रयोगशाळेत मी जी उपकरणं बघतो त्यांना ही सवय चालते, या डब्यांना चालत नाही, आणि मी विचार केला नव्हता. इथपर्यंत ती चूक होती. नोंदवहीत लिहायचं, तो दिवस वगळायचा, एक दिवस वाढवायचा, एवढ्यावर मिटणारी.

मी वही उघडली आणि लिहिलं: 'डब्यांची पाहणी केली.'

तेवढ्यात काकू आल्या. हातात पिशवी. त्या दिवशी रथसप्तमी होती. शाळेत असताना त्या दरवर्षी मुलींना घेऊन याच गच्चीवर सूर्यासमोर दूध उतू घालायच्या. एका मातीच्या बोळक्यात दूध, खाली गोवरीचा तुकडा. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. डब्यांजवळ जायच्या आधी त्या थांबल्या आणि मला रीतसर विचारलं.

"भाऊ, त्या पलीकडच्या कोपऱ्यात दूध उतू घालू का? धूर होईल थोडा. तुमच्या कामात येणार असेल तर घरी घालते."

मी म्हटलं, "घाला ना. काही हरकत नाही."

तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एवढं नक्की की धूर होणार, हे मला समजत होतं. आणि त्याचा उपयोग होईल, हेही.

गोवरी पेटली, दूध पूर्वेकडे उतू गेलं, काकूंनी हात जोडले. सगळं मिळून दहा मिनिटं. बोळक्यातलं उरलेलं दूध त्यांनी मला प्रसाद म्हणून दिलं. धुराचा वास लागलेलं, गोड. मी प्यायलो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुभाष आला आणि त्याने आकडे बघितले. फोन जवळ घेऊन बघितला, मग लांब धरून बघितला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

तलाव

चौथ्या दिवशी आकडे शून्याखाली गेले. सुभाषने अर्धी रजा टाकली आणि मला तलावावर नेलं. पाहुणा आला आहे तर तलाव दाखवायलाच हवा, डबे बिघडले म्हणून काय झालं.

भोपाळला जाल तर दुपार कलल्यावर जा. पाणी तेव्हा तांब्याच्या परातीसारखं होतं आणि पलीकडच्या टेकडीवरची घरं एकेक करून दिव्यांची होतात. होडीवाल्याने सुभाषला विचारलं की साहेब, आज गप्प का. होडीतून उतरताना माझा पाय घसरला आणि मी पोटरीपर्यंत पाण्यात. सुभाषने मला दंडाला धरून वर काढलं, स्वतःच्या रुमालाने माझे बूट पुसले. काठावर गराडू खाल्ले. सुरणासारखा कंद असतो, तळून वर तिखट मसाला आणि लिंबू, हिवाळ्यातच मिळतो. असा पदार्थ पुण्यात का नाही, असं मी म्हणालो. तो हसला नाही.

तो संवेदकांबद्दलच बोलत होता. डाग लागला असेल का, पंखा उलटा बसला असेल का, दव आत गेलं असेल का. एकाच वेळी सहाच्या सहा कसे बिघडतील, हे त्याला सुटत नव्हतं. बरोबरच होतं, सुटण्यासारखं नव्हतंच.

"मध्या," तो म्हणाला, "तू इतकी यंत्रं पाहिली. तुला काय वाटून राहिलं, खरं सांग."

"पाचवा दिवस बघू," मी म्हटलं.

पिपलानी

पाचव्या दिवशी दुपारी काकूंनी दोघांना जेवायला बोलावलं. पिपलानीचे क्वार्टर बरखेड्यासारखेच, फक्त झाडं जास्त जुनी. त्यांनी पाटोडीचा रस्सा केला होता, वऱ्हाडी पद्धतीचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. मी दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर काकूंनी हात पुसले आणि सुभाषसमोर बसल्या. त्यांनी तारीख-वेळ जुळवली होती. आकडे तिसऱ्या दिवशी सकाळी बिघडले, आणि त्याच सकाळी त्यांनी गोवरी पेटवली होती.

"माझ्यामुळे झालं रे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मुलांना सांगितलं, प्रयोग चालू असताना मध्ये हात घालू नका."

सुभाष म्हणाला, इतका वेळ नाही राहत काकू धूर, मोकळी गच्ची आहे. आणि त्याने माझ्याकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. मी फक्त खरं सांगायचा अवकाश होता.

मी म्हटलं, "शक्यता नाकारता येत नाही."

काकूंनी मान खाली घातली. आणि मी ताकाचा पेला उचलला.

सभा

दोन दिवसांनी वसाहतीच्या सभागृहात सभा झाली. वीसेक माणसं, टेबलावर पांढरं कापड, समोशांच्या बशा. मी अहवाल वाचला. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे: 'गच्चीवर झालेल्या घरगुती विधीच्या धुराने उपकरणांचे आकडे दिवसभर विस्कळीत झाले, यावरून वस्तीतील नेहमीच्या वातावरणात ती भरवशाची नाहीत असे दिसते.' चांगलं, स्वच्छ वाक्य. त्यातला प्रत्येक शब्द मी तोलला होता.

मागच्या खुर्चीवरून काकू उभ्या राहिल्या. त्या हिंदीतच बोलल्या, सगळ्यांना कळावं म्हणून. चूक त्यांची आहे, डब्यांची नाही, आणखी एक आठवडा द्या, त्या गच्चीवर पाऊलही ठेवणार नाहीत. अध्यक्ष साहेब सौम्य माणूस होते. त्यांनी सुभाषला विचारलं की अहवालावर आक्षेप आहे का.

सुभाष उभा राहिला. "नहीं सर. माधव ने लिखा है तो वैसा ही होगा. आँकड़ों में झूठ बोलनेवाला आदमी नहीं है वो."

ठराव पुढे ढकलला. समोसे चांगले होते म्हणतात. मी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी जेवणाच्या डब्यात बाफले, उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, बांधून दिले. सुभाष स्टेशनवर आला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. एप्रिलच्या आधी त्याने घरोघरचे डबे उतरवले, हे मला नंतर वहिनींकडून कळलं. यादवांच्या बाईंनी त्यांचा डबा द्यायला चार दिवस लावले म्हणे.

पुणे, आणि पुन्हा

पुण्यात मी पोहे-जिलबीचं सांगत राहिलो. त्या पाच दिवसांचे आकडे मात्र संगणकावर होते. दिवाळीनंतर एका दुपारी मी ते उघडले. तिसऱ्या दिवसाचा आलेख मोठा करून बघितला.

नऊच्या पुढे मोठ्या यंत्राच्या रेषेवर एक छोटा उंचवटा होता. दहा मिनिटांचा. काकूंची गोवरी. आणि सहाही डब्यांच्या रेषा, स्पिरिटने आधीच वर गेलेल्या, तिथेच, त्याच मिनिटाला, तेवढ्याच वर उचलल्या जाऊन पुन्हा खाली आल्या होत्या. स्पिरिट प्यायलेल्या अवस्थेतही त्या डब्यांना एका गोवरीचा धूर कळला होता. ज्या धुरावर मी आळ घेतला, त्याच धुराने डबे खरे ठरवले होते. हे मला त्या सकाळीही दिसलं असतं. मी बघितलं नव्हतं.

मी वसाहतीच्या प्रशासनाला सगळं लिहून कळवलं. स्पिरिट, वेळ, उंचवटा, माझं नाव. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की नोंद घेतली आहे, संबंधित अधिकाऱ्याची बदली झाल्याने विषय संपला आहे.

मग सुभाषला फोन केला. थांबत थांबत सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर शिव्यांची वाट बघत मी उभा होतो.

"जाळीला पण लावलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"कापूस किती ओला? टपकून राहिला होता की नुसता ओलसर?"

मी सांगितलं. त्याने वहिनींना हाक मारली, घरात स्पिरिट कुठे आहे म्हणून. एक डबा त्याने नव्या गावी खिडकीत लावला होता. मला फोनवर बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग तो आकडे सांगू लागला, चढत चाललेले, एकामागून एक, आणि त्याच्या आवाजात आनंद होता. दहा महिने न सुटलेलं कोडं सुटलं होतं. मी कान लावून ऐकत होतो, आणि कबूल करतो, मला पुन्हा हेवा वाटला. त्याचं मी सगळं बुडवलं होतं आणि त्या क्षणीही त्याच्याकडे जे होतं ते माझ्याकडे नव्हतं.

आकडे थांबले. मग तो निराळ्या आवाजात म्हणाला, "काकूंना सांगितलं?"

"नाही."

"माझं राहू दे. मला राग आला का ते मी बघतो नंतर. त्यांना सांग. फोनवर नको सांगू मध्या. जा तिथे."

या फेब्रुवारीत गेलो. या खेपेला स्टेशनवर कुणी नव्हतं. शहर बसने पिपलानीला उतरलो, पत्ता विचारत गेलो. रथसप्तमी होऊन आठवडा झाला होता. काकूंनी दार उघडलं, ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगायला लागलो, आणि शेवटपर्यंत सांगितलं. आलेखाचा कागद नेला होता तोही दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो उंचवटा बघितला. त्यावर बोट ठेवलं.

"ही माझी गोवरी?"

"हो काकू."

त्या कागद बघत राहिल्या. मग चष्मा काढला.

"मी तुम्हाला विचारलं होतं. दूध उतू घालू का म्हणून. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

प्रवासभर मी या प्रश्नाची लांबलचक उत्तरं तयार केली होती.

"होतं," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडे परत दिली नाही, स्वतःजवळ ठेवली.

"यंदा घातलं नाही मी दूध," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या धुराने कुणाचं बिघडायला नको."

आत कुकरची शिट्टी झाली. वरणाचा वास येत होता. त्या उठल्या, आत गेल्या, गॅस बंद केला आणि चहाचा कप घेऊन आल्या. एकच कप.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "जेवायला मी तुम्हाला थांबवणार नाही."

मी चहा घेतला. त्या समोर बसल्या होत्या. संपल्यावर मी उठलो आणि कप कुठे ठेवू असं विचारलं.

"राहू द्या तिथेच," त्या म्हणाल्या.